जमैकाचे जर्क: मरूनांच्या डोंगरापासून बॉस्टन बेच्या किनाऱ्यापर्यंत

जमैकाच्या ईशान्य टोकाला पोर्टलंड परगण्यात बॉस्टन बे नावाची छोटी खाडी आहे. पोर्ट अँटोनियो हे परगण्याचे मुख्य गाव तिथून पश्चिमेला सुमारे पंधरा किलोमीटरवर. खाडीच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागूनच, पत्र्याच्या छपराखाली जमिनीलगतच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. भट्टीवर हिरव्या लाकडाच्या मनगटाएवढ्या काठ्या आडव्या मांडलेल्या, काठ्यांवर मसाला चोळलेले डुकराचे मोठे तुकडे आणि अख्ख्या उभ्या चिरलेल्या कोंबड्या, वर झाकणासारखा पन्हळी पत्रा. गिऱ्हाईक सांगेल तेवढे मांस ठोकळ्यावर सत्तुराने तोडून, तोलून, कागदात बांधून देतात. बसायला बाक असतात, नसले तर झाडाची सावली आणि वाळू असतेच. या खाण्याला जर्क म्हणतात. जमैकाचे नाव जगभरच्या खाणावळींत ज्या पदार्थाने नेले तो हाच, आणि त्याचे किनाऱ्यावरचे जुने ठाणे म्हणून बॉस्टन बेचे नाव घेतले जाते.

किनाऱ्यावर हा पदार्थ विसाव्या शतकात आला. त्याआधी किमान अडीचशे वर्षे तो डोंगरातला होता, आणि ज्या लोकांनी तो टिकवला त्यांचा बराच काळ गुलामगिरीतून सुटून, लपून, लढून जगण्यात गेला. आज ज्या निवांतपणे तो खाल्ला जातो त्या निवांतपणाचा त्याच्या उगमाशी काही संबंध नाही.

काठ्यांच्या मांडणीपासून सुरुवात करावी लागते, कारण या पाककृतीतला सर्वांत जुना भाग तोच आहे. १४९४ मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीत जमैकाला पोहोचला तेव्हा बेटावर ताइनो लोकांची वस्ती होती. ते कसावा, रताळी आणि मका पिकवत. मासे, कासवे, घोरपडीच्या जातीचे सरडे आणि हुतिया नावाचा सशाएवढा कुरतडणारा प्राणी खात. चार खुंटांवर हिरव्या काठ्यांची ताटी बांधून, खाली मंद विस्तव ठेवून ते मांस भाजत आणि धुरावत. या ताटीसाठी स्पॅनिशांनी उचललेला बार्बाकोआ हा शब्द पुढे इंग्रजीत बार्बेक्यू झाला. उष्ण, दमट हवेत मांस दिवसभरही टिकत नाही, त्यामुळे ही ताटी जेवढी स्वयंपाकाची होती तेवढीच साठवणीची. शेजारच्या हिस्पानिओला बेटावर रानटी गुरे मारून मांस धुरावणारे फ्रेंच शिकारी अशाच ताटीला बुकान म्हणत, आणि पुढे समुद्री लुटारू बनलेल्या या शिकाऱ्यांना बुकानीर हे नाव त्यावरूनच पडले. कॅरिबियन बेटांवर आलेल्या प्रत्येक परक्याने मूळ रहिवाशांकडून ही एक गोष्ट शिकून घेतलेली दिसते.

डुक्कर मात्र ताइनोंचे नव्हते. ते स्पॅनिशांनी आणले. १५०९ पासून स्पेनने जमैकात वसाहत केली. सोने सापडले नाही, म्हणून या बेटाकडे माद्रिदचे लक्ष फारसे राहिले नाही. मोकळी सोडलेली गुरे आणि डुकरे रानात शिरली आणि बेसुमार वाढली. मग रानडुकरांची चरबी आणि गुरांची कातडी हाच बेटाचा मुख्य निर्यातमाल झाला. वायव्य किनाऱ्यावरच्या माँटेगो बे या नावातही चरबीसाठीचा मांतेका हा स्पॅनिश शब्द दडला आहे, असे मानले जाते. रोगराई आणि सक्तीच्या कामाने ताइनो समाज काही दशकांत मोडून पडला. उरलेल्यांपैकी काहींनी डोंगर गाठले. स्पॅनिशांनी मजुरीसाठी आणलेले आफ्रिकी गुलामही संधी मिळताच तिकडेच पळत. पुढे नॅनी टाउन म्हणून प्रसिद्ध झालेल्या जागी १९९० च्या दशकात कोफी अगोर्साह या पुरातत्त्वज्ञाने उत्खनन केले, तेव्हा सर्वांत खालच्या थरात स्थानिक ताइनो पद्धतीची मातीची भांडी निघाली. ताटी एका समाजाकडून दुसऱ्याकडे कशी गेली असेल, याचा माग त्या थरात लागतो.

१६५५ मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. स्पॅनिश मालक क्युबाकडे निघून गेले आणि त्यांचे अनेक गुलाम त्या गडबडीत डोंगरात शिरले. या मुक्त वस्त्यांतील लोकांना मरून म्हणू लागले. इंग्रजांनी उसाचे मळे वाढवले, आफ्रिकेतून जहाजे भरून माणसे आणली, आणि मळे जितके वाढले तितके पळून येणाऱ्यांमुळे मरूनांचे संख्याबळही वाढले. पश्चिमेला कॉकपिट कंट्री हा चुनखडीच्या टेकड्यांचा आणि खोल खळग्यांचा प्रदेश आहे. पूर्वेला ब्लू माउंटन आणि जॉन क्रो डोंगररांगा आहेत; पावसाने सतत भिजणाऱ्या, घनदाट, घोडदळाला अशक्य. पश्चिमेकडच्या मरूनांचा पुढारी कुजो होता, पूर्वेकडच्यांच्या स्मृतीत नॅनी ही स्त्री आहे. आज तिची गणना जमैकाच्या राष्ट्रवीरांत होते आणि तिचे चित्र ५०० डॉलरच्या नोटेवर आहे.

अशा डोंगरात सैन्याच्या पाठलागात जगणाऱ्यांना रोजच्या अन्नाची सोय करताना दोन अडचणी होत्या. शिकार मिळाली तरी मांस लगेच नासते, आणि विस्तव पेटवला तर धूर दरीपलीकडून दिसतो. शेती स्त्रिया करत. कोनफळाच्या जातीचे कंद, केळी आणि मका त्या पिकवत. रानडुक्कर पुरुष भाल्याने मारत. त्याचे मांस टिकवण्यासाठी त्यांनी जे काही केले त्यातून जर्क तयार झाले: ताइनोंची ताटी, स्पॅनिशांचे डुक्कर, बेटावरचीच मिरची आणि पिमेंटोचे सुगंधी दाणे, आणि तिखट-मसालेदार मांसाची आफ्रिकेतून आलेली रुची. यातला एकही घटक मरूनांनी शोधला नाही. त्यांची मेळवणी मात्र त्यांचीच, आणि जर्कवर जमैकाचा हक्क सांगताना पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागते.

या पद्धतीचे सर्वांत जुने बारकाईचे वर्णन हान्स स्लोन या डॉक्टराने केले आहे. गव्हर्नरचा वैद्य म्हणून तो १६८७ मध्ये जमैकात आला आणि सव्वा वर्ष राहिला. वनस्पती, प्राणी, रोग, खाणेपिणे, जे दिसेल ते त्याने टिपले. त्याच्या संग्रहातूनच पुढे ब्रिटिश म्युझियम उभे राहिले. १७०७ मध्ये छापलेल्या पहिल्या खंडात तो सांगतो की रानडुकरे गोळीने किंवा भाल्याने मारतात, चिरून त्यांची हाडे काढतात, मांसाला आतून कातडीपर्यंत चिरा पाडतात, त्यांत मीठ भरून ते उन्हात ठेवतात, आणि यालाच जर्क करणे म्हणतात. म्हणजे सतराव्या शतकाच्या शेवटी जर्क हे खारवून वाळवलेले मांस होते. दक्षिण अमेरिकेतल्या वाळवलेल्या मांसाचे चार्की हे नाव स्पॅनिशमधून इकडे आले असावे, हे मतही याच्याशी जुळते. आजच्या बॉस्टन बेवरच्या रसदार मांसात आणि स्लोनने पाहिलेल्या त्या कोरड्या तुकड्यांत पुष्कळ अंतर आहे. पण मांसाला खोल चिरा पाडून त्यांत मसाला दाबण्याची रीत तीच राहिली आहे.

पिमेंटोकडेही स्लोनचे लक्ष गेले होते. १६९१ मध्ये त्याने या झाडावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. हे जांभळाच्या कुळातले सदाहरित झाड आहे. त्याची हिरवी फळे उन्हात वाळवली की मिऱ्यासारखे तपकिरी दाणे मिळतात. त्यांत लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्र वास येतो, म्हणून इंग्रजांनी त्याला ऑलस्पाइस म्हटले. लवंगेतले युजेनॉल हे तेल यातही असते, पानांत तर भरपूर. कोलंबसाच्या काळातले स्पॅनिश मिरीच्या शोधात होते, त्यांनी या दाण्यांना मिरी समजून पिमेंता म्हटले आणि तेच नाव टिकले. जर्कमध्ये या झाडाचे सगळेच उपयोगी पडते. दाणे मसाल्यात जातात, हिरव्या काठ्यांची ताटी होते, जळते लाकूड निखारे देते, आणि ओली पाने विस्तवावर टाकून धूर करतात. मिरचीही बेटावरचीच, स्कॉच बॉनेट नावाची, आकाराने चेपलेल्या टोपीसारखी, अतिशय तिखट आणि फळासारखा वास असलेली.

१७३० च्या दशकात इंग्रजांनी मरूनांविरुद्ध मोहिमांमागून मोहिमा काढल्या. १७३४ मध्ये नॅनी टाउन त्यांच्या हाती लागले, पण लोक निसटले. शेवटी वसाहतीलाच तह करावा लागला. १ मार्च १७३९ रोजी कुजोशी झालेल्या तहाने पश्चिमेच्या मरूनांना १,५०० एकर जमीन आणि स्वातंत्र्य मिळाले. त्याच वर्षी पूर्वेच्या मरूनांशीही तह झाला. खाद्यपदार्थाच्या इतिहासात तहाची कलमे सहसा येत नाहीत, इथे ती आणावी लागतात. मरूनांना डुकरे, शेळ्या, गुरे पाळण्याची आणि परवाना घेऊन बाजारात माल विकण्याची मुभा त्यात लिहिली आहे. कोणत्याही वस्तीपासून वा गुरांच्या वाड्यापासून तीन मैलांच्या आत शिकार करायची नाही, एरवी हवी तिथे करावी, असे एक कलम आहे. पुढे असेही म्हटले आहे की कुजोचे शिकारी आणि दुसऱ्या वस्तीचे शिकारी रानात समोरासमोर आले तर डुकरे दोघांनी निम्मी निम्मी वाटून घ्यावीत. एका साम्राज्याने युद्ध मिटवताना रानडुकराच्या वाटपाची तरतूद करावी, यावरून डोंगरातल्या जीवनात त्या प्राण्याचे मोल कळते. याच तहाने मरूनांवर एक जड अट घातली: नव्याने पळून येणाऱ्या गुलामांना पकडून परत द्यायचे. मरूनांच्या स्वातंत्र्याची ती किंमत इतरांनी भरली, आणि जमैकात आजही त्याबद्दल बोलले जाते.

तहानंतर जर्क डोंगरातून बाहेर पडले. मरून आपले धुरावलेले मांस बाजारात आणि मळेवाल्यांच्या घरी विकू लागले आणि गोऱ्यांच्या मेजवान्यांत ते मानाने वाढले जाऊ लागले. गव्हर्नरची पत्नी मारिया न्यूजंट हिने १८०२ च्या रोजनिशीत एका जेवणाचे वर्णन केले आहे. पहिल्या फेरीत सगळे मासे होते आणि मधोमध मरूनांच्या पद्धतीने केलेले जर्क डुक्कर. १८१६ मध्ये इंग्रज कादंबरीकार मॅथ्यू लुइस वडिलोपार्जित मळे पाहायला जमैकात आला. त्याला मिळालेले मरून पद्धतीचे डुक्कर मिरची-मसाला भरून, केळीच्या पानांत गुंडाळून, तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात पुरून वाफेवर शिजवलेले होते. रसाचा थेंबही वाया जात नाही, असे त्याने कौतुकाने लिहिले. धूर दिसू नये म्हणून मरून जमिनीखाली मांस शिजवत, ही गोष्ट आज पोर्टलंडमधला प्रत्येक वाटाड्या सांगतो. लुइसचे वर्णन तिला चांगला आधार देते. उघडी ताटी आणि झाकलेला खड्डा या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि आजची पत्र्याने झाकलेली भट्टी त्या दोन्हींच्या मधली आहे.

मानाचे हे ताट मरूनांच्या राजकीय स्थितीत फरक पाडू शकले नाही. १७९५ मध्ये पश्चिमेकडच्या ट्रेलॉनी टाउन या मरून गावातल्या दोघांना डुकरे चोरल्याच्या आरोपावरून माँटेगो बेमध्ये फटके मारण्यात आले. फटके मारणारा माणूस मरूनांनीच पूर्वी पकडून दिलेला एक पळालेला गुलाम होता, असे सांगतात. जमिनीची जुनी तक्रार धुमसत होतीच, त्यात हा अपमान पडला आणि दुसरे मरून युद्ध पेटले. शरण आल्यावर साडेपाचशेहून अधिक ट्रेलॉनी मरूनांना जहाजांत भरून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला पाठवले गेले, आणि तिथल्या थंडीनंतर १८०० मध्ये आफ्रिकेत सिएरा लिओनला. पश्चिमेकडच्याच अकॉम्पाँगचे आणि पूर्वेकडच्या मूर टाउनचे मरून मात्र राहिले. अकॉम्पाँगमध्ये दर ६ जानेवारीला कुजोच्या स्मरणाचा दिवस पाळतात, तेव्हा किंडा नावाच्या आंब्याच्या झाडाखाली डुकराचे मांस आणि कंद मीठ न घालता शिजवून पूर्वजांना अर्पण करतात.

गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, प्रत्यक्षात १८३८ मध्ये. त्यानंतरच्या शंभर वर्षांत जर्क डोंगरातल्या शिकारीशी बांधलेले राहिले. अमेरिकन लेखिका आणि मानववंशशास्त्रज्ञ झोरा नील हर्स्टन १९३६ मध्ये अकॉम्पाँगला गेली. मरूनांनी आपल्यासाठी जर्क करावे असा हट्ट तिने धरला, तेव्हा उत्तर आले की आधी डुक्कर मारायला हवे. ती त्यांच्याबरोबर काही दिवस रानात हिंडली. शेवटी डुक्कर मिळाले, केस जाळले गेले, हाडे काढली गेली, मीठ-मसाला चोळून मांस हिरव्या काठ्यांच्या ताटीवर चढले आणि रात्रभर मंद विस्तवावर राहिले. पुरुषांनी पोटभर खाल्ले आणि उरलेले घरच्यांसाठी नेले. १९३८ च्या पुस्तकात तिने हे सारे लिहिले आहे. स्लोननंतर अडीचशे वर्षांनीही विधी जवळजवळ तोच होता, फक्त उन्हाची जागा विस्तवाने घेतली होती.

डोंगरातले हे खाणे बॉस्टन बेलाच का उतरले, याचे उत्तर नकाशात आहे. पोर्टलंड परगणा ब्लू माउंटन आणि जॉन क्रो डोंगरांच्या उत्तर उतारावर आहे. रिओ ग्रांदे नदी त्या डोंगरांतून येऊन पोर्ट अँटोनियोजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्याच खोऱ्यात मूर टाउन आहे. डोंगरातले लोक बाजाराला याच किनाऱ्यावर उतरत. पोर्ट अँटोनियोला तेव्हा पैसा होता. १८७० च्या सुमारास लोरेन्झो डाउ बेकर या अमेरिकन कप्तानाने जमैकाची केळी अमेरिकेत नेऊन विकली आणि तो व्यापार इतका फोफावला की १८८५ मध्ये बॉस्टन फ्रूट कंपनी निघाली. १८९९ मध्ये ती युनायटेड फ्रूटमध्ये विलीन झाली. केळी घेऊन जाणारी जहाजे परत येताना प्रवासी आणू लागली आणि जमैकाच्या पर्यटनाची सुरुवात याच बंदरातून झाली. पुढे रोगाने केळीचे मळे बसले, पर्यटन उत्तर-पश्चिमेकडे सरकले, आणि विमानतळ झाले तेही माँटेगो बे आणि किंग्स्टनला. १९४६ मध्ये हॉलीवूडचा नट एरॉल फ्लिन पोर्ट अँटोनियोत येऊन राहिला, त्याच्या नावाने काही काळ गाव पुन्हा गाजले. पण रस्ता लांबचा आणि वळणांचा, त्यामुळे मोठी हॉटेले इकडे फारशी आली नाहीत. बॉस्टन बेच्या वाट्याला आलेला संथपणा त्या दूरपणातून आला आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बॉस्टन बेच्या रस्त्याकडेला काही जण नियमित जर्क विकू लागले होते. रानडुकराची जागा पाळीव डुकराने घेतली. शिकारीवर दिवस घालवावे लागेनात, मांस टिकवण्याची गरज संपली, आणि त्याबरोबर मिठाचे प्रमाण कमी होऊन मसाल्याचे वाढले. हा बदल पाककृतीच्या इतिहासात सर्वांत मोठा आहे. त्याने जर्क साठवणीच्या अन्नातून ताज्या खाण्यात आणले. मांसावर रात्रभर मुरणाऱ्या वाटणात कांद्याची पात, थाइम, स्कॉच बॉनेट, पिमेंटोचे दाणे, आले, लसूण, जायफळ, मीठ एवढे असते. प्रत्येक भट्टीवाल्याचे प्रमाण वेगळे आणि गुपित. नंतरच्या काळात सोया सॉस, व्हिनेगर आणि साखरही त्यात शिरली.

भट्टीचे कसब मसाल्याइतकेच अवघड आहे. लाकूड एका बाजूला जाळून निखारे तयार करायचे आणि फावड्याने ते मांसाखाली पसरायचे. ज्वाळा मांसाला लागता कामा नये. ताटीच्या काठ्या ओल्या असतात. खालून धग लागली की त्यांतून वाफ आणि तेल सुटते आणि मांसाच्या खालच्या अंगात उतरते. वरचा पत्रा धूर कोंडतो. सुटलेली चरबी निखाऱ्यावर पडून पुन्हा धूर करते आणि तोही आतच राहतो. अशा रीतीने मांस भाजले, धुरावले आणि थोडे वाफवले जाते. मोठ्या तुकड्यांना काही तास लागतात. काठ्या करपून बारीक झाल्या की बदलाव्या लागतात. भट्टीवाला दिवसभर त्या धुरात उभा असतो आणि पत्रा उचलून हातानेच तुकडे फिरवतो. जर्कच्या भट्टीचे कौतुक करणाऱ्यांनी या मेहनतीचे नाव सहसा शेवटी घेतले आहे, ते आधी घ्यायला हवे.

मांसाबरोबर जे खातात त्यात बेटाचा उरलेला इतिहास आहे. निखाऱ्यात अख्खा भाजलेला विलायती फणस हा कप्तान ब्लाय याने १७९३ मध्ये ताहितीहून आणलेल्या रोपांचा वंशज. गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी ती रोपे मागवली होती. कसाव्याची जाड भाकरी, बॅमी, ताइनोंची. मक्याचे पीठ आणि मैदा मळून तळलेल्या किंचित गोड लांबट वड्याला फेस्टिव्हल म्हणतात. घट्ट पांढरा हार्ड-डो पाव चिनी स्थलांतरितांच्या बेकऱ्यांतून रुजला. याच पंक्तीत मटणाची करीही असते, आणि ती भारतीयांनी नेली. १८४५ मध्ये पहिले जहाज ओल्ड हार्बर बेला लागल्यापासून १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० भारतीय गिरमिटिया मजूर जमैकात उतरले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. त्यांची करी आज जमैकाच्या लग्न-मयतीत शिजते, तिला परकी म्हणणारा तिथे कोणी भेटणार नाही. पिण्याला १९२८ पासून निघणारी रेड स्ट्राइप बिअर किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाचे टिंग नावाचे पेय.

कोंबडी जर्कमध्ये उशिरा आली. मांसासाठी पाळायच्या कोंबड्यांचा मोठा धंदा जमैकात १९५० च्या दशकाअखेर उभा राहिला. जमैका ब्रॉयलर्स ही कंपनी १९५८ ची. कोंबडी स्वस्त आणि बारमाही झाली. दुसरे कारण धार्मिक. १९३० च्या दशकात उदयाला आलेल्या रास्ताफारी पंथात डुकराचे मांस वर्ज्य आहे आणि काही ख्रिस्ती पंथांतही ते टाळतात. कोंबडीला कोणाची हरकत नव्हती. शिवाय ती तासाभरात होते, म्हणून जमिनीतल्या भट्टीची गरज राहिली नाही. तेलाचे लोखंडी पिंप उभे कापून, बिजागऱ्या लावून, आत कोळसा आणि जाळी बसवली की फिरती शेगडी तयार. किंग्स्टनच्या रस्त्यांवर शुक्रवारी-शनिवारी रात्री अशा पिंपांच्या रांगा लागतात आणि त्यावरच्या कोंबडीला पॅन चिकन म्हणतात. बॉस्टन बेचे जुने भट्टीवाले पिंपावरच्या कोंबडीला खरे जर्क मानायला तयार नसतात. कोळशात पिमेंटोचा धूर नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण शहरातल्या कष्टकऱ्याला परवडणारे जर्क पिंपानेच दिले.

१९५९ मध्ये माँटेगो बेहून नेग्रिलपर्यंत चांगला रस्ता झाला, आणि पश्चिम टोकाचा तो लांबलचक वाळूचा किनारा १९६० आणि ७० च्या दशकांत निवांतपणा शोधत आलेल्या तरुण परदेशींचा झाला. तिथेही किनाऱ्यालगत पिंपे आली. माँटेगो बे आणि ओचो रिओसमध्ये जर्कची मोठी केंद्रे उभी राहिली. पिमेंटोच्या काठ्या, पत्र्याचे झाकण, बांबूची छपरे आणि लाकडी बाक ही बॉस्टन बेची मांडणी त्यांनी मुद्दाम उचलली. एकेकाळी गरजेपोटी असलेला साधेपणा इथे गिऱ्हाइकाला हवा म्हणून जपला गेला.

मसाला बाटलीत भरण्याचा उद्योगही याच काळातला. सेंट अॅन परगण्यातल्या वॉकर्सवुड गावात बेकारी कमी करण्यासाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक सामुदायिक उद्योग सुरू झाला. तो आधी आसपासच्या दारूच्या दुकानांना जर्क डुक्कर पुरवी, नंतर जर्कचे वाटण बाटल्यांत भरून परदेशी पाठवू लागला. घ्यायला गिऱ्हाईक तयार होतेच. १९४८ मध्ये स्थलांतरितांचे विंडरश जहाज लंडनजवळ लागल्यापासून लाखो जमैकन ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडात गेले होते. लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, टोरांटोच्या एग्लिंटन रस्त्यावर पिंपाच्या शेगड्या पेटत होत्या. त्यांच्याकडून ही चव बाकीच्यांनी घेतली. पण बाटलीने एक गैरसमजही पसरवला. जर्क म्हणजे अमुक एक मसाला, तो कशालाही लावावा, अशी समजूत झाली; ताटी, हिरवे लाकूड आणि धूर तिच्यातून गळाले. २०१८ मध्ये इंग्रज आचारी जेमी ऑलिव्हरने जर्क नावाने तयार भात बाजारात आणला, तेव्हा जमैकन वंशाच्या खासदार डॉन बटलर यांनी उघडपणे आक्षेप घेतला आणि ब्रिटनमध्ये त्यावर बरेच रान उठले. भात भाजता येत नाही, धुरावता येत नाही, आणि त्या पाकिटातल्या मसाल्यात नेहमीचे कित्येक घटकही नव्हते. त्याच्या तीन वर्षे आधी, २०१५ मध्ये, जमैकाने देशातल्या भौगोलिक निर्देशांक कायद्याखाली जमैका जर्कची नोंद करून हे नाव कशाला लावता येईल याचे निकष ठरवले होते. अशी नोंद दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, त्यामुळे परदेशी बाजारातल्या बाटल्यांवर तिचा ताबा थोडाच आहे.

निकषांपेक्षा जास्त काळजीची गोष्ट लाकूड आहे. एकोणिसाव्या शतकात पिमेंटोच्या सरळ रोपट्यांपासून चालायच्या काठ्या आणि छत्र्यांचे दांडे करून इतके परदेशी गेले की सरकारला तोडीवर बंधने घालावी लागली. आताची मागणी भट्ट्यांची आहे. हे झाड हळू वाढते. फळ धरायलाच काही वर्षे जातात, आणि बी इतके लवकर निकामी होते की पक्ष्यांच्या पोटातून गेल्याशिवाय ते रुजतच नाही, असा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज होता; ताज्या बियांपासून रोपे करण्याची रीत नंतर बसली. झाडांत नर-मादी असा भेद असतो आणि नर झाडांना फळे धरत नाहीत. म्हणून भट्टीसाठी लाकूड हवे असेल तर मळ्यातली जास्तीची नर झाडे आणि फळे काढताना मोडलेल्या फांद्या वापरणे शहाणपणाचे ठरते. काही जण स्वीटवुडसारखे दुसरे सुगंधी लाकूड ताटीला वापरतात आणि पिमेंटो फक्त धुरासाठी राखतात. पोर्टलंडमध्ये घराच्या आवारात पिमेंटोची रोपे लावणारेही आहेत, आणि बॉस्टन बेच्या भट्ट्यांना पुढची काही दशके काठ्या पुरणार असतील तर त्या अशाच लागवडीतून.